कच्च्या कातड्याची ढाल : मसाई ढालींविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात केनियाच्या राष्ट्रध्वजाची माहिती देताना मधल्या ढालीचा विषय दोन ओळींत आटोपला होता. १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वातंत्र्याबरोबर फडकलेल्या त्या ध्वजावर मसाई या पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालक जमातीची ढाल आणि तिच्यामागे दोन भाले आहेत, एवढेच लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : ही ढाल चामड्याची असते असे वाचले. चामडे तर वाकते, दुमडते. त्याची ढाल उभी कशी राहते?

ती चामड्याची नसते, कच्च्या कातड्याची असते. सगळी मेख या फरकात आहे. कातडे कमावले की त्यातले तंतू एकमेकांपासून सुटे राहतात आणि ते वाळल्यावरही लवचिक राहते. तेच चामडे. न कमावता नुसते साफ करून वाळवले, तर पाणी उडताना तंतू एकमेकांना चिकटतात आणि कातडे लाकडासारखे कडक होते. ओले असताना ज्या आकारात ताणून धरले असेल, तोच आकार ते वाळल्यावर धरून ठेवते. म्हणून ढालीच्या कारागिरीत खरे कसब लागते ते पाणी कधी, किती आणि कुठून जाऊ द्यायचे हे ओळखायला. चाकू आणि आरी त्यानंतर.

जुन्या मसाई युद्धढालींसाठी पहिली पसंती केप बफेलो या आफ्रिकी रानरेड्याच्या कातड्याला होती. वयस्क नराच्या मानेवर ते दोन सेंटिमीटरहूनही जाड भरते. पाठीकडे ते पातळ पण घट्ट आणि एकसारखे असते. पोटाकडचे सैल, ताणले जाणारे कातडे ढालीच्या कामाचे नाही, कारण वाळताना ते असमान आकसते. मसाई हे गुराखी. शिकारीच्या मांसावर जगणे त्यांच्यात कमीपणाचे मानत, त्यामुळे रानरेड्यांची कातडी बऱ्याच अंशी शेजारच्या दोरोबो शिकाऱ्यांकडून येत.

१८९०च्या सुमारास बुळकांडीची साथ पूर्व आफ्रिकेत पोचली आणि मसाईंची गुरे मोठ्या संख्येने मेली. याच रोगाने रानरेड्यांचे कळपही साफ केले. ढालीचा कच्चा माल आणि ज्या गुरांसाठी लढाया व्हायच्या ती गुरे, दोन्ही एकदमच गेली. बैलाच्या कातड्याच्या ढालीही होत्या. त्या तुलनेने पातळ आणि हलक्या असत.

प्रश्न : ढालीचे भाग कोणते? मागून ती कशी असते? चित्रांत नेहमी पुढचीच बाजू दिसते.

मसाई भाषेत ढालीला 'एलोंगो' म्हणतात. आकार उभट लंबगोल, दोन्ही टोकांकडे निमुळता. उंची साधारण एक मीटर, रुंदी साठ सेंटिमीटरच्या आसपास. ती सपाट नसते, बाहेरच्या बाजूला फुगीर असते.

खरी रचना मागेच कळते. वरपासून खालपर्यंत मधोमध एक लाकडी दांडी असते. तो ढालीचा कणा. दांडीच्या मध्यावर मूठ कोरलेली असते आणि तिच्यासमोर कातड्याला आणखी एक फुगवटा दिलेला असतो, म्हणजे मूठ धरताना बोटांची पेरे कातड्यावर घासत नाहीत. दांडी कातड्याला वाद्यांनी, म्हणजे कातड्याच्याच अरुंद पट्ट्यांनी, बांधतात. कडेने लवचिक काठीचे कडे फिरवून तेही कातड्याच्या वादीने सलग शिवून टाकलेले असते. खिळा नाही, की डिंकही नाही. ओली वादी ओढून टाका घातला की ती वाळताना आकसते आणि शिवण आपोआप आवळली जाते. एवढा घट्ट टाका हाताने ओढून बसवता येत नाही.

प्रश्न : वरच्या नक्षीचा अर्थ काय? प्रत्येक कुळाची वेगळी खूण असते का?

कुळाची खूण असे म्हणणे अपुरे आहे. ढालीवरच्या चिन्हाला 'सिराता' म्हणतात. त्यातून मुख्यतः दोन गोष्टी कळत : हा योद्धा मसाईंच्या कोणत्या विभागाचा (पुर्को, किसोंगो, लोइता, मातापातो वगैरे) आणि कोणत्या वयोगटाच्या तुकडीचा. मसाई पुरुष ठरावीक वयात एकत्र दीक्षा घेऊन एका वयोगटात येतात. योद्धे असतात तोवर त्यांना मोरान म्हणतात. शेजारी शेजारी लढणाऱ्या तुकडीच्या ढाली एका धाटणीच्या असत. धुळीत, धावपळीत आपला कोण हे लांबून ओळखता यावे, हा त्याचा रोखठोक उपयोग.

नक्षीची मांडणी अशी : मधोमध एक उभा पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना कडेच्या वळणाला धरून कमानी किंवा अर्धलंबगोल, आणि त्यांत दातेरी, ठिपक्यांच्या किंवा पट्ट्यांच्या ओळी. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी वाचायची. दोन्हीकडची चिन्हे सारखी असतीलच असे नाही. हल्ली विक्रीला मांडलेल्या ढालींवर बहुधा दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या रंगवतात, कारण तसे करणे सोपे आणि गिऱ्हाइकालाही तेच बरे वाटते.

जुने रंग चारच : लाल, पांढरा, काळा, राखाडी. लालासाठी तांबडी माती. ती वांग्याच्या कुळातल्या एका काटेरी रानझुडपाच्या फळांच्या रसात किंवा बैलाच्या रक्तात कालवत. पांढऱ्यासाठी पांढरी माती आणि पाणी. काळ्यासाठी भोपळ्याचे जुने भांडे जाळून केलेली पूड. रक्तातली प्रथिने वाळली की रंग धरून ठेवतात. नुसत्या पाण्यात कालवलेली पांढरी माती मात्र बोट फिरवले तरी निघते, म्हणून जुन्या ढालींवर पांढरा भाग सर्वांत झिजलेला दिसतो.

लाल रंग सरसकट कुणालाही मिळत नसे. नव्या योद्ध्यांच्या ढाली आधी काळ्या, पांढऱ्या, राखाडी रंगांत असत. लढाईत विशेष पराक्रम केलेल्याला वेगळे लाल चिन्ह लावायला मिळे, तेही म्होरक्यांच्या संमतीने. न कमावलेले चिन्ह स्वतःच रंगवून घेणे चालत नसे.

आणि ही चिन्हे कायमची नव्हती. वयोगट बदलला, मान वाढला की जुन्या रंगावरच नवा रंग चढे. जर्मन अधिकारी मेर्कर यांनी १९०४ साली आणि ब्रिटिश प्रशासक हॉलिस यांनी १९०५ साली या खुणांची माहिती प्रसिद्ध केली. तिचा उपयोग त्या काळापुरता आणि त्या विभागांपुरता करावा. एखाद्या ढालीचा विभाग आणि साधारण साल ठाऊक नसताना तिचा 'अर्थ' सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुकानदार तर हमखास सांगतात!

प्रश्न : भाला किंवा गोळी अशा ढालीवर थांबत असे का?

बाण आणि फेकलेला भाला यांच्यासाठी ती चांगली होती. त्याचे कारण जाडीइतकेच तिच्या फुगीरपणात आहे. घाव सरळ न बसता तिरका बसतो आणि घसरतो. कातड्यातले तंतू उभे-आडवे विणलेले असल्याने भोक पडले तरी चीर पुढे पसरत नाही. ढाल डाव्या हातात दूर धरायची, अंगाशी चिकटवायची नाही, कारण टोक आरपार आलेच तर मधे वीतभर जागा हवी. जवळून, पूर्ण जोर लावून खुपसलेला लांब पात्याचा भाला ती अडवेलच असे नाही. बंदुकीपुढे तिचे काही चालत नाही.

तिचा खरा शत्रू पाऊस. कच्चे कातडे भिजले की पुन्हा मऊ पडते, फुगवटा बसतो आणि टाके सैल होतात.

प्रश्न : आमच्या नाटकासाठी अशी एक ढाल बनवायची आहे. कार्डबोर्ड नको, खऱ्या कातड्याची हवी. कृती सांगा.

रानरेड्याचा विचारही करू नका. बैलाचे चार ते पाच मिलिमीटर जाडीचे, न कमावलेले कातडे घ्या. क्रोम लावून कमावलेले चामडे कितीही जाड असले तरी कडक होणार नाही. घेतानाच विचारून घ्या, कारण बाजारात बहुतेक माल कमावलेलाच मिळतो. खाली दिलेली कृती नकलेसाठी आहे. साहित्य आजचे आहे, तत्त्व मात्र जुनेच.

कातडे मीठ लावलेले असेल तर ते गार पाण्यात दिवसभर भिजवा आणि पाणी तीन वेळा बदला. मीठ राहिले तर दमट हवेत ढाल कायम ओलसर राहील. मग मांसाकडची बाजू बोथट पात्याने खरवडून सगळी चरबी आणि पापुद्रा काढा. कंटाळवाणे काम आहे, पण पुढे होणाऱ्या बिघाडांतले निम्मे इथल्या आळसातून होतात. केस काढायला ४० लिटर पाण्यात १ किलो विरवलेला चुना घालून कातडे तीन ते पाच दिवस बुडवा, रोज हलवा. केस चिमटीत सहज उपटू लागले की बाहेर काढून खरवडा. त्यानंतर पूर्ण एक दिवस पाणी बदलत धुवा. या टप्प्यावर रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

तयार ढाल १०० बाय ६० सेंटिमीटरची हवी असेल तर ओले कातडे चारी बाजूंनी ८ सेंटिमीटर जास्त ठेवून कापा. हे माप फुगवट्यात जाणारे, आकसणारे आणि शेवटी छाटायचे कातडे धरून आहे. कणा कातड्याच्या पाठीच्या रेषेला समांतर ठेवा म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी आकसते.

साच्यासाठी ओलसर मातीचा लंबगोल उंचवटा करा. मध्यभागी उंची १० सेंटिमीटर, आणि मुठीच्या जागी वर आणखी एक छोटा उभट उंचवटा, साधारण १२ सेंटिमीटर लांबीचा. त्यावर सुती कापड पसरा, वर कातडे टाका आणि कडेने दर ८ ते १० सेंटिमीटरवर खुंटी ठोका. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने ठोकायच्या, एका बाजूने सुरुवात करून गोल फिरायचे नाही. सुरकुत्या जातील एवढेच ताणा. आकसण्याचे काम कातडे स्वतः करणार आहे. आत्ताच तबल्यासारखे ताणले तर खुंटीपाशी फाटेल.

सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवा. उन्हात अजिबात नाही. ओल्या कातड्याचे तंतू ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास आकसून सरसासारखे होऊ लागतात, आणि तापलेल्या जमिनीवर तेवढी उष्णता लागायला वेळ लागत नाही. कड आधी वाळते, म्हणून पहिले दोन दिवस कडेवर ओले फडके ठेवा. हवेप्रमाणे एकूण सात ते दहा दिवस लागतात.

कड छाटायची आणि शिवायची ती कातडे पूर्ण वाळण्याआधी. साचा काढल्यावर आकार टिकतो, पण कडेला अंगठ्याचे नख दाबले तर वण उठतो, ती वेळ. कडेपासून १२ मिलिमीटर आत, दर ३ सेंटिमीटरवर आरीने गोल भोके पाडा. चाकूची चीर पुढे फाटत जाते, म्हणून ती नको. कड्यासाठी दीड सेंटिमीटर जाडीची हिरवी, लवचिक काठी घ्या. तिची टोके तिरकी तासून १० सेंटिमीटर एकमेकांवर चढवा. वादीसाठी उरलेल्या कातड्याची ३५ सेंटिमीटर व्यासाची चकती घेऊन कडेपासून आत गोल गोल एक सेंटिमीटर रुंदीने कापत जा. सुमारे नऊ मीटर सलग वादी निघते आणि संपूर्ण कडेला पुरते. वादी पूर्ण भिजलेली असताना शिवा. दर पाच-सहा टाक्यांनी मागे जाऊन सैल पडलेला टाका ओढून घ्या.

कण्याची दांडी सरळ रेषांच्या लाकडाची घ्या. लांबी ९५ सेंटिमीटर, रुंदी ३. मूठ १२ ते १३ सेंटिमीटर लांब ठेवा आणि तिच्यामागे बोटांसाठी निदान चार सेंटिमीटर जागा सोडा. दांडी सहा ठिकाणी वादीने बांधायची, पण ढाल पूर्ण वाळल्यावरच. लाकूड लांबीत आकसत नाही, कातडे आकसते. अर्धवट वाळलेल्या ढालीला दांडी बांधली तर पंधरा दिवसांत ती धनुष्यासारखी वाकते किंवा भोके फाटतात. वाळली की नाही हे गालाने ओळखा : कातडे गालाला लावले आणि गार लागले, तर आत अजून पाणी आहे.

रंगासाठी १ भाग प्राणिज सरस १२ भाग पाण्यात रात्रभर भिजवून, मग कोमट करून त्यात गेरू, पांढरी माती किंवा कोळशाची पूड कालवा. उकळू द्यायचे नाही. पातळ हात दोन-तीनदा द्या. वर वार्निश नको. रंगमंचावरच्या दिव्यांत ते चमकते आणि ढाल प्लास्टिकची दिसू लागते. तालमीत मारामारीसाठी वेगळी, साधी ढाल वापरलेली बरी.

प्रश्न : वरच्यासारखी ढाल करून पाहिली. एका बाजूला पिवळा, काचेसारखा डाग पडला, पीळ बसला आणि थोडा वासही येतो. दुरुस्त होईल का?

तीन दोष, तीन कारणे. पिवळट, अर्धपारदर्शक, ठिसूळ डाग म्हणजे तिथे कातडे ओले असताना तापले आणि शिजले. तो भाग परत येत नाही. कडेला असेल तर छाटून ढाल लहान करा, मध्यभागी असेल तर कातडे बदला. पीळ बसण्यामागे बहुतेक वेळा एका बाजूला जास्त वारा किंवा जास्त ताण असतो, नाहीतर जाडीच असमान असते. दांडी आणि कडे सोडवून ढाल गार पाण्यात १२ तास भिजवा, पुन्हा साच्यावर घाला, आणि जाड बाजू आतून खरवडून पातळ करा. रंग अर्थातच जाईल.

वास चरबीचा की कुजण्याचा ते ओळखा. खवट वास आणि बोटाला चिकटपणा असेल तर चरबी राहिली आहे. पुन्हा भिजवून खरवडणे हाच उपाय. कुजका वास आणि आतून मऊ लागत असेल तर बाहेरचा थर झपाट्याने वाळला आणि आतले पाणी कोंडले गेले. अशी ढाल टाकून द्या. अत्तर मारून काही होत नाही.

रंगाचे पोपडे निघत असतील तर एकतर खाली चरबी आहे, नाहीतर सरस घट्ट झाला. पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर आधी चाखू नका, पाण्याचा थेंब टाकून पाहा : लगेच विरघळली तर बहुधा मीठ आहे, धुण्यात कसर राहिली.

प्रश्न : नैरोबीत 'शंभर वर्षांपूर्वीची' म्हणून एक ढाल दाखवली. खरी कशी ओळखायची? आणि विकत घ्यावी का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे आणि १९७८ पासून वन्यप्राण्यांच्या अवशेषांच्या व्यापारालाही. रानरेड्याची ढाल खरी निघाली तर तोच कायद्याचा प्रश्न होतो. गेंड्याच्या कातड्याची म्हणून कुणी दाखवली तर तिथून चालू लागा. गेंड्याच्या अवशेषांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या कराराची बंदी आहे.

ओळखायची तर पुढून नाही, मागून पाहा. वापरलेल्या ढालीची मूठ घामाने काळवंडून गुळगुळीत झालेली असते, आणि तेही हाताच्या पकडीच्या जागीच. सगळी दांडी सारखी काळी असेल तर ती रंगवलेली आहे. कड खालच्या टोकाशी जास्त झिजलेली असते, कारण ढाल जमिनीवर टेकवली जाते. रंगाच्या एका थराखाली दुसरी, वेगळी नक्षी अंधुक दिसली तर चांगले लक्षण. कड्यात काठीऐवजी तार, वादीऐवजी नायलॉन, चकचकीत तैलरंग, फार पातळ कातडे, भिंतीवर लावायला मागे कडी : यांतले काही दिसले तर ती पर्यटकांसाठी केलेली आहे. तसे असण्यात वाईट काही नाही. बैलाच्या कातड्याची, आजची म्हणून विकली तर ती प्रामाणिक वस्तू आहे. खोटेपणा वयाचा दाखला देण्यात असतो.

आणखी एक सावधगिरी. किकुयू, चागा, नांदी अशा शेजाऱ्यांनीही याच धाटणीच्या ढाली वापरल्या. आकार मसाई दिसला म्हणून ढाल मसाईंची ठरत नाही. किकुयूंची दंडावर चढवायची लाकडी 'न्दोमे' मात्र वेगळी, ती नाचाची ढाल.

प्रश्न : एस्वातिनीच्या ध्वजावरची ढाल आणि ही एकच का?

नाही. ती आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या न्गुनी लोकांच्या परंपरेतली. तिथे कातड्यावरचे केस ठेवतात आणि गुराचा मूळ रंगच ओळखीसाठी वापरतात. मधल्या उभ्या चिरांच्या ओळींतून कातड्याच्या पट्ट्या ओवलेल्या असतात. मसाई ढालीवरचे केस काढलेले असतात आणि खूण रंगाने करतात.

प्रश्न : मसाई आजही ढाली करतात का?

युद्धासाठी नाही. समारंभात आणि नाचात मोरानांच्या हाती दिसते ती बैलाच्या कातड्याची. मुलग्यांच्या दीक्षेशी निगडित एन्किपाता, युनोतो आणि ओल्न्गेशेर हे तीन विधी २०१८ साली युनेस्कोने तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतले आहेत. ढालीचे स्थान आता असल्या प्रसंगी आणि विक्रीच्या दुकानांत.

प्रश्न : घरात वारशाने आलेली एक जुनी ढाल आहे. तेल लावून पुसावी का?

तेल नको, ओले फडके नको, चामड्याचे पॉलिश तर नकोच. कच्च्या कातड्यात तेल नीट मुरत नाही. ते वर राहून धूळ धरते, आणि मातीचे रंग एका पुसण्यात जातात. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि रंग सुटतोय असे दिसले तर तेही थांबवा.

हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला. जुन्या संग्रहांतल्या वस्तूंना कीड लागू नये म्हणून पूर्वी आर्सेनिक किंवा पाऱ्याची संयुगे लावत, आणि ती अजून वर असू शकतात. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ती रोज वर-खाली होऊ नये. प्रकाश ५० लक्सपेक्षा जास्त नको.

खाली बारीक भुसा किंवा केसाळ अळ्यांच्या रिकाम्या काती दिसल्या तर कातडे खाणारे भुंगेरे लागले आहेत. ढाल प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर थंड कातड्यावर दव साचेल. भिंतीवर खिळ्याने टांगण्यापेक्षा खालून दोन ठिकाणी आधार द्या. मुठीत दोरी अडकवून टांगली तर सगळे वजन जुन्या वाद्यांवर येते.